ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती: ३८, ३६ की ३२?

प्रश्न: खानापूर तालुक्यातील एक पालक

नमस्कार. माझी मुलगी दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकली आणि यंदा बेळगावला पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. महाविद्यालयात इंग्रजीतून शिकवलेले रात्री घरी आम्ही दोघी मराठीतून पुन्हा समजून घेतो, आणि श्वसनाच्या प्रकरणात गेले चार दिवस अडलो आहोत. पाठ्यपुस्तकात ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी (पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात असे दिले आहे, मी बी.एस्सी.ला असताना लिहून घेतलेल्या वहीत ३६ आहेत. आणि तिच्या मैत्रिणीच्या घरी असलेल्या जीवरसायनशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात ३० किंवा ३२ म्हटले आहे. रेणू तोच, मग हिशेब तीन प्रकारचा कसा?

दुसरी अडचण माझी स्वतःची आहे. एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे आम्हाला शिकवले होते आणि मी तेच मुलीला सांगितले. तिने लगेच रसायनशास्त्राची वही उघडून दाखवली. कोणताही बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मला तिला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. केवळ परीक्षेपुरते उत्तर नको.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

ताई, आपल्या मुलीचा आक्षेप अगदी बरोबर आहे, म्हणून तोच आधी घेतो. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, आणि एटीपीचा बंधही त्याला अपवाद नाही. एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट सुटतो तेव्हा पाण्याचा एक रेणू त्या क्रियेत भाग घेतो, जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात. एटीपीमध्ये ऋण प्रभार असलेले तीन फॉस्फेट दाटीवाटीने शेजारी बसलेले असतात आणि एकमेकांना दूर लोटत असतात; त्यातला एक सुटला की ती ओढाताण कमी होते, सुटलेल्या फॉस्फेटभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि एकूण अवस्था अधिक स्थिर होते. तोडायला लागलेल्या ऊर्जेपेक्षा या स्थिर होण्यातून मिळणारी ऊर्जा जास्त असते. प्रमाण परिस्थितीत हा फरक दर मोलला सुमारे ३०.५ किलोज्यूल भरतो. पेशीत तो ५० च्या आसपास जातो, कारण समतोलात जितका एटीपी उरला असता त्याच्या कितीतरी पट अधिक एटीपी पेशी सतत तयार ठेवते. भांड्यात एटीपीचे मिश्रण समतोलाला, म्हणजे पुढे काही बदल होत नाही अशा अवस्थेला, येऊ दिले, तर तिथे थोडेफार एटीपीचे रेणू उरतात, बंधही तेच असतात, पण त्यांच्याकडून काडीचेही काम होत नाही. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. विद्यार्थ्यांच्या मनातला बंधाचा गैरसमज याच उदाहरणाने निघतो, असा माझा अनुभव आहे.

आता आकड्यांकडे वळू. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रवात दहा पायऱ्यांत होते आणि त्यातून निव्वळ २ एटीपी मिळतात. पुढे तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, क्रेब्ज चक्रातून, म्हणजे ग्लुकोजचे उरलेले तुकडे फोडणाऱ्या क्रियांच्या फेऱ्यातून, आणखी २ मिळतात. हे ४ थेट मोजता येतात आणि त्यांच्याबद्दल वाद नाही. बाकी सगळी कमाई एनएडीएच आणि एफएडीएच२ या वाहक रेणूंच्या रूपाने इलेक्ट्रॉनमध्ये अडकलेली असते. एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच आणि २ एफएडीएच२ तयार होतात. जुन्या हिशेबात एका एनएडीएचला ३ आणि एका एफएडीएच२ला २ एटीपी असा पूर्णांकी भाव धरला होता: ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. पेशीद्रवात तयार झालेल्या २ एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आत नेण्यात २ एटीपीची घट धरली, की आपल्या वहीतले ३६ येतात.

पूर्णांक धरण्यामागे कारण होते. इलेक्ट्रॉनच्या प्रवासात एखादा ठरावीक रासायनिक पदार्थ तयार होत असावा आणि तोच एटीपी घडवत असावा, अशी अनेक वर्षे समजूत होती. तो पदार्थ कोणालाच सापडला नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये वेगळीच कल्पना मांडली, तिला बराच विरोध झाला आणि १९७८ मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळाले. ती कल्पना समजायला आपल्याकडच्यांनी गोकाकचा धबधबा आठवावा. घटप्रभेचे पाणी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि त्या पाण्याच्या जोरावर तिथल्या सूतगिरणीची यंत्रे चालवली गेली. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यातून इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे उतरत असताना प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, तिथे त्यांची पातळी चढते आणि ते परत आत येताना एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून वाहतात. ते यंत्र खरोखर गरगर फिरते. १९९७ मध्ये जपानमधील संशोधकांनी त्याला एक चमकता तंतू जोडून त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकातून पाहिले.

धबधब्याचे किती लिटर पाणी म्हणजे एक युनिट वीज, याचे उत्तर पूर्णांकात असण्याचे काही कारण नाही. इथेही तसेच आहे. एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन पलीकडे जातात आणि एक एटीपी घडवून पेशीद्रवात पोहोचवायला साधारण ४ लागतात, म्हणून २.५. एफएडीएच२चे इलेक्ट्रॉन खालच्या टप्प्यावर दाखल होतात, ६ प्रोटॉन ढकलतात, म्हणून १.५. तंतुकणिकेतल्या ८ एनएडीएचचे २०, एफएडीएच२चे ३, थेट मिळालेले ४, आणि पेशीद्रवातल्या दोघांचे, त्यांचे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत जातात त्यानुसार, ३ किंवा ५. बेरीज ३० किंवा ३२. या यंत्राच्या फिरत्या चकतीला गाईच्या हृदयपेशींत ८ घटक असतात आणि यीस्टमध्ये १०, आणि दर घटकामागे एक प्रोटॉन लागतो, म्हणजे एका पूर्ण फेरीला, ज्यात ३ एटीपी घडतात, गाईला ८ प्रोटॉन पुरतात आणि यीस्टला १० लागतात. त्यामुळे सजीव बदलला की हा भावही थोडा बदलतो. शिवाय पडद्यातून काही प्रोटॉन नुसतेच झिरपतात आणि त्यांची उष्णता होते.

परीक्षेत पाठ्यपुस्तकातला ३८ हाच आकडा लिहावा, पण तो गृहीतकांवर आधारलेला आहे, हे एका वाक्यात नमूद करावे. ती गृहीतके प्रत्यक्ष सजीवात लागू पडत नाहीत, असे त्या पुस्तकातही म्हटले आहे.

उत्तर: गुऱ्हाळवाले, निपाणी परिसर

सरांनी धबधबा सांगितला, मी माझ्या कामातले सांगतो. आमच्या चुलवाणात चिपाड जळते. चिपाडातला मोठा भाग सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्यांचा असतो. एक मोल ग्लुकोज जाळले तर सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता मिळते, आणि पेशीतही ग्लुकोज व ऑक्सिजनपासून शेवटी तोच कार्बन डायऑक्साइड आणि तेच पाणी तयार होते. पण चुलवाणातली आच काहिलीला उपयोगी पडते ती काहील आचेपेक्षा थंड असते म्हणून. पेशीत सगळीकडे एकच तापमान असते, त्यामुळे उष्णतेवर तिचे काम चालू शकत नाही. तिला ऊर्जा एटीपीच्याच रूपात घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट रसाची. घाण्यातून निघालेला रस आम्ही कधी ताटकळत ठेवत नाही. मागच्या हंगामात इंजिन बंद पडल्यामुळे भर उन्हात पिंपातला रस दुपारभर तसाच राहिला. आधी कडेने बारीक बुडबुडे धरले, मग पांढरा फेस वर आला आणि आंबूस वास सुटला. गुळव्याने झाकण उघडताच नुसता वास घेऊन सांगितले की याची ढेप बसणार नाही, आणि खरेच, गूळ मऊच राहिला. रसातली साखर यीस्ट आधी फोडते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, आणि हवा कमी असली की त्यावर अल्कोहोल करून राहते. या वाटेने तिला एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी मिळतात, त्यामुळे जगण्यासाठी तिला साखर भराभर खावी लागते. हवेअभावी यीस्ट कितीतरी जास्त साखर फस्त करते, हे पाश्चर यांनी १८६१ मध्येच दाखवले होते.

प्रश्नकर्त्या

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही ३२ ची बेरीज कागदावर मांडली आणि ती जुळली. मुलीचा आता एक प्रश्न उरला आहे: क्रेब्ज चक्राच्या एकाही पायरीत ऑक्सिजन वापरला जात नाही, मग ऑक्सिजन संपताच ते चक्र का थांबते?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

फार चांगला प्रश्न आहे. हंगामात साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. गव्हाण बंद पडली तर फडातल्या कोयत्यांना काहीही झालेले नसते, तरी संध्याकाळपर्यंत तोड थांबते, कारण भरलेल्या गाड्या रिकाम्या होऊन फडात परत येत नाहीत. एनएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन उतरवलेले रिकामे एनएडीएच, ही तशी गाडी आहे आणि पेशीत तिची संख्या मर्यादित असते. ऑक्सिजन नसला की एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन उतरवून घेणारे कोणी राहत नाही, सगळे एनएडी भरलेल्या अवस्थेत अडकून पडते आणि क्रेब्ज चक्राला रिकामे एनएडी मिळत नाही. यीस्ट ते ओझे ॲसिटाल्डिहाइडवर उतरवते आणि त्याचे अल्कोहोल होते, जे गुऱ्हाळवाल्यांच्या पिंपात घडले. जोरात पळणाऱ्या माणसाच्या स्नायूंत तेच ओझे पायरुविक आम्लावर उतरते आणि त्याचे लॅक्टिक आम्ल होते. एवढ्याने पेशीद्रवातले एनएडी मोकळे होते, म्हणून ग्लुकोजचे विघटन आणि त्यातले २ एटीपी चालू राहतात. तंतुकणिकेतल्या गाड्या मात्र ऑक्सिजन परत येईपर्यंत भरलेल्याच उभ्या राहतात.