शेवटच्या मिनिटातला फ्री थ्रो पोरांना शिकवायचा कसा?

लेकीचा बाबा:
लेक 14 वर्षांखालच्या गटात बास्केटबॉल खेळते. रोज सराव संपताना ओळीने 50 फ्री थ्रो (समोरच्याने फाउल केला की कुणी न अडवता मारायला मिळणारा शॉट) मारते, पस्तीसेक सहज जातात. परवा मॅचमध्ये एका गुणाने मागे असताना दोन मिळाले. दोन्ही रिंगला लागून बाहेर. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

माझं मत: ओळीने 50 मारणं हा मॅचचा सरावच नव्हे. मॅचमध्ये दोन मिळतात, तेही धाप लागलेली असताना, आणि बॉल हातात आल्यापासून 5 सेकंदांत प्रत्येक मारावा लागतो. मग सरावातही तसंच करा. दोनदा कोर्टभर पळा, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा खेळ सुरू. बाकीच्या मुलींनी कडेला उभं राहून आरडाओरडा करावा. आणि चुकला तर सगळ्या संघाला शिक्षा म्हणून पळायची एक फेरी.

शिट्टीवाले सर:
फेरीला माझा ठाम विरोध. मग पोरगी रिंगकडे बघतच नाही, मैत्रिणींच्या चेहऱ्यांकडे बघते.

दुसरं, तुम्ही दडपण म्हणताय ते बरेचदा ताकदीचं दुखणं असतं. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये लहान, 5 नंबरचा बॉल आणि 2.60 मीटरवर रिंग असते, ती उगाच नाही. आमच्या मैदानावर मात्र नऊ वर्षांचं पोरही मोठ्यांच्या 3.05 मीटरच्याच रिंगवर मारतं. बॉल पोचत नाही म्हणून खांद्यावरून ढकलायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. पाय दमले की असा शॉट सगळ्यात आधी बिघडतो. तेव्हा आधी गुडघे, कोपर, मनगट. दडपणाचं नंतर बघू.

माजी गार्ड:
सर, निक अँडरसनला ताकद कमी होती का? 1995 ची एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनल, म्हणजे चार मॅच जिंकेपर्यंतची मालिका; तिची पहिली मॅच. त्याचा संघ ओरलँडो 3 गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद. त्याने दोन फ्री थ्रो चुकवले, रिबाउंड (रिंगला लागून परत आलेला बॉल) स्वतःच घेतला, पुन्हा फाउल मिळाला, पुन्हा दोन चुकवले. ह्यूस्टनने तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी केली, जादा वेळेत मॅच जिंकली आणि पुढे फायनल 4-0 नेली. अँडरसन त्या मोसमात 70 टक्के मारत होता, दोन मोसमांनंतर 40 वर आला. हात तोच होता, सर.

शिट्टीवाले सर:
अहो, मग हे माझ्याच बाजूचं झालं. ते चार शॉट त्याला वर्षानुवर्षं ऐकवले गेले. मोठ्या माणसाचं हे होतं, आणि आपण तेरा वर्षांच्या मुलीला चुकल्याबद्दल संघासमोर शिक्षा द्यायची?

माजी गार्ड:
शिक्षा सोडा, हे मान्य. पण प्रसंग तरी उभा कराल ना? एनबीएचाच रे ॲलन सरावात जमिनीवर आडवा पडायचा, उठून उलट्या पावलांनी कोपऱ्यात जायचा आणि तिथून मारायचा. 2013 च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये 5.2 सेकंद उरले असताना तो असाच मागे सरकत कोपऱ्यात गेला आणि बरोबरीचा शॉट घातला. त्याच्या पायांना ते नवीन नव्हतं. नुसतं कोपर-मनगट करून हे येत नाही.

कडेला बसणारी आई:
माझ्या मुलाला एका ताईंनी रीत लावून दिली. बॉलचे तीन टप्पे, एक लांब श्वास, रिंगच्या पुढच्या कडेवर एकच जागा धरायची आणि शॉट सुटेपर्यंत नजर तिथेच. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनीही हेच दाखवलंय: पक्के फ्री थ्रो मारणारे शॉटआधी एकाच जागी जास्त वेळ बघतात. घाबरलेलं पोर चार ठिकाणी बघतं.

बाबा, राग मानू नका, पण मैत्रिणींचा आरडाओरडा चालेल, कडेवरून तुमचा "आरामात मार गं!" नको. माझा मुलगा त्यानेच सगळ्यात जास्त गडबडायचा.

लेकीचा बाबा:
मी ओरडलो होतो. दोन्ही वेळा.

फेरी मागे घेतली. धापेतले दोन मात्र सोडणार नाही, आठवड्यातून निदान तीन दिवस.

शिट्टीवाले सर:
तीन जास्त होतात. या वयात एक दिवस पुरे, आणि त्या दिवशी किती गेले ते मोजायचं नाही.

माजी गार्ड:
मोजायचं नाही? सर, मॅचमध्ये फळ्यावर तेच तर लागतं!