न्या. हार्लन यांचा १८९९चा निकाल कसा समजून घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन (१८३३-१९११) यांच्यावर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी अडलोय. जाणकारांनी मदत करावी.

केंटकीतलं घर, घरात गुलाम. यादवी युद्धात हे उत्तरेच्या बाजूने कर्नल म्हणून लढले, तरी गुलामगिरी संपवणाऱ्या १३व्या घटनादुरुस्तीला त्यांचा उघड विरोध होता. पुढे रिपब्लिकन झाले, गव्हर्नरपदाची निवडणूक दोनदा हरले आणि १८७७मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं.

माणूस किती बदलला होता ते १८८३मध्ये दिसतं. खाणावळी, नाटकगृहं, आगगाड्या सर्वांना सारख्याच खुल्या ठेवणारा १८७५चा कायदा न्यायालयाने मोडीत काढला. विरोधात हार्लन एकटे. विरोधी निकालपत्र लिहिताना त्यांची लेखणी अडखळत होती. त्यांच्या पत्नी मॅल्विना यांनी एक दौत लपवून ठेवलेली होती. कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असा ड्रेड स्कॉट निकाल देणारे सरन्यायाधीश टॉनी यांची ती दौत. एका रविवारी सकाळी मॅल्विनांनी ती घासूनपुसून, शाई भरून टेबलावर ठेवली आणि बाकीच्या दौती उचलून नेल्या. त्यानंतर लिखाण सरसर पुढे गेलं. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

१८९६मध्ये प्लेसी खटल्यात लुइझियानातले आगगाडीचे वेगळे डबे ७ विरुद्ध १ मतांनी वैध ठरले. तो एक म्हणजे हार्लन. आपली राज्यघटना रंग बघत नाही, हे त्यांनी तिथेच लिहिलं.

आणि तीनच वर्षांनी कमिंग खटला! जॉर्जियात ऑगस्टा इथलं कृष्णवर्णीय मुलांचं हायस्कूल बंद केलं, गोऱ्यांचं चालूच राहिलं. न्यायालयाने एकमताने ते चालवून घेतलं आणि निकाल लिहिला हार्लन यांनी! हे कसं काय? लेखात हे टाळणं मला पटत नाही, पण नीट उलगडताही येत नाहीये.

प्रतिसाद:

कमिंग खटला भरणाऱ्या कृष्णवर्णीय पालकांची मागणी काय होती ते आधी बघा. कृष्णवर्णीयांना हायस्कूल मिळेपर्यंत गोऱ्यांच्या हायस्कूलवर कराचा पैसा खर्च करू नका, अशी ती होती. हार्लन म्हणाले, यातून गोऱ्या मुलांची शाळा जाईल, तुमच्या मुलांच्या पदरात काही पडणार नाही. शिवाय शाळा हा राज्याचा विषय, आणि वेगळ्या शाळा वैध की अवैध हा मुद्दा आमच्यापुढे नाहीच.

पण केवळ तांत्रिक कारण म्हणून त्यांना सोडून देऊ नका. १९०८च्या बेरिया कॉलेज खटल्यात, खासगी कॉलेजात गोरे-काळे एकत्र शिकू नयेत या केंटकीच्या कायद्याविरुद्ध ते पोटतिडकीने लिहितात, आणि त्यातच स्पष्ट करतात की हे सरकारी शाळांना लागू नाही. म्हणजे शाळांच्या बाबतीत त्यांची मर्यादा खरीच होती. प्लेसी, कमिंग, बेरिया ही तिन्ही निकालपत्रं याच क्रमाने सलग वाचा आणि लेखात कमिंगला स्वतंत्र भाग द्या.