मदत हवी आहे: लेसरने चेरेन्कोव्ह दुर्बिणी जुळवताना 10 टक्के फरक उरतोय

निळाठिपका: व्हेरिटाससारख्या मांडणीचं (गॅमा किरणांमुळे हवेत उमटणारा क्षणिक चेरेन्कोव्ह प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणी) सिम्युलेशन करतोय. लेसरचा हवेत विखुरलेला प्रकाश मोजून दोन दुर्बिणींची संवेदनशीलता जुळवायची आहे. 12 मीटरच्या दुर्बिणी, 0.15 अंशाचे पिक्सेल, 32 नॅनोसेकंदांची रीडआउट विंडो (तेवढाच वेळ सिग्नल नोंदला जातो). 355 नॅनोमीटरचा लेसर सरळ वर. एक दुर्बीण त्यापासून 950 मीटरवर, दुसरी 1050 वर, दोन्ही 70 अंश उन्नतांशावर (क्षितिजापासून वरचा कोन). रेषेसारखा स्रोत म्हणून आडव्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात दुरुस्ती केली, उंचीप्रमाणे हवेची घनताही धरली. तरी लांबची सुमारे 10 टक्के कमी दाखवते. आरसे, कॅमेरे सारखेच आहेत. काय सुटतंय?

खटपट्या: विंडो सुटतेय. तो नियम खरा, पण झोत अख्खा पिक्सेल ओलांडेपर्यंत चार्ज (पिक्सेलमधला एकूण सिग्नल) मोजला तरच. इथे ओलांडायला सुमारे 145 नॅनोसेकंद लागतात, तुम्ही मोजता 32. म्हणजे झोताचा किती तुकडा दिसणार ते पिक्सेल नाही, विंडो ठरवते: जेमतेम 5 मीटर, दोन्ही दुर्बिणींना तेवढाच. मग सरळ अंतराचा वर्ग लावायचा. 1050/950 चा वर्ग 1.22, तुम्ही भरून काढलेत 1.105. उरलं ते तुमचे 10 टक्के.

निळाठिपका: जुळलं! आता कळलं, कॅमेऱ्यात रेघेऐवजी ठिपका का येतो. पण तो पसरट आहे, क्लीनिंगमध्ये (मंद पिक्सेल गाळताना) कडेचे पिक्सेल उडतात.

कोपरखळी: फोकस 10 किलोमीटरवर ठेवला असणार. 3 किलोमीटरवरचा बिंदू 12 मीटरच्या आरशात 0.16 अंशाचा डाग होतो, पिक्सेलपेक्षा मोठा. क्लीनिंग बंदच करा. ठिपक्याभोवती 0.3 अंशातला सगळा चार्ज बेरजेत घ्या, पेडेस्टल (लेसरचा प्रकाश नसतानाची पातळी) वजा करून.

आणि दोन्ही दुर्बिणी एकाच उन्नतांशावर कशाला? एकाच बिंदूकडे वळवा. 2750 मीटर उंचीसाठी जवळची 70.9 अंश, लांबची 69.1. घनतेची भानगड मिटते, आणि 22 टक्क्यांची दुरुस्ती विखुरण्याचा कोन धरूनही 3 च्या आसपास येते.

खटपट्या: हे उत्तम. फक्त ट्रिगर (नोंद सुरू करण्याचा इशारा) दोघींना वेगळा द्या: पल्स सुटल्यापासून जवळचीला 18.88 मायक्रोसेकंद, लांबचीला 18.99. एकच वेळ दिलीत तर 110 नॅनोसेकंदांच्या फरकाने दोघी झोताचे वेगळे तुकडे बघतील, आणि 32 च्या विंडोत ते कळणारही नाही.

प्रत्यक्ष लेसर लावाल तेव्हा डिपोलरायझर (प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडणारा घटक) विसरू नका. रेषीय ध्रुवीकरण राहिलं तर 70 अंशांवर विखुरलेला प्रकाश दिशेप्रमाणे 12 टक्क्यांपर्यंत बदलतो. लेसर बाजूला 1 किलोमीटरवर असेल तर शेजारच्या दुर्बिणींत त्यातला 1 टक्काच येईल, पण लेसर मांडणीच्या मधोमध असेल तर पुरता घोळ. पल्सची ऊर्जा मात्र गुणोत्तरात आपोआप कटते, दोघींचा तोच पल्स घेतलात तर.