लिस्बननंतर लायब्नित्सचं काय उरतं?

सांजवारा:
देवाने शक्य असलेल्या सगळ्या जगांतून हे सर्वोत्तम जग निवडलं, असं जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सने १७१० च्या ‘थिओडिसी’ या ग्रंथात मांडलं. १७५९ मध्ये फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ‘कांदीद’ या कथेत या मताची अशी टर उडवली की लोक आजही मूळ म्हणणं न वाचताच हसतात. जगात दुःख नाही, असं लायब्नित्स कुठेच म्हणत नाही. नियम साधे आणि त्यांतून विविधता भरपूर, हा त्याचा सर्वोत्तम जगाचा निकष. एक दुःख वगळायचं तर नियमात हात घालावा लागेल, आणि मग बाकीचं जगही हे राहणार नाही. मला हा युक्तिवाद अजूनही भक्कम वाटतो.

काटेसावर:
भक्कम कुणासाठी? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी पोर्तुगालच्या राजधानीतली, लिस्बनची चर्चेस माणसांनी भरलेली, मेणबत्त्या तेवतायत. भूकंपात छतं कोसळली. वाचलेले नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर तिथे समुद्राच्या लाटा आल्या. त्यानंतर कित्येक दिवस आग. ढिगाऱ्यात मूल शोधणाऱ्या आईला हे साधे नियम कोणत्या तोंडाने सांगणार? आणि देव चांगला म्हणून जग सर्वोत्तम, जग सर्वोत्तम म्हणून दुःख अटळ. सिद्ध करायचं तेच गृहीत धरलंय!

सांजवारा:
देव तो गृहीत धरतोच, लपवत नाही. त्याचा वाद फ्रेंच विचारवंत पिएर बेलशी होता. दुःख आणि दयाळू देव यांचा बुद्धीने मेळ लागत नाही, असं बेलचं म्हणणं. त्यात विसंगती नाही एवढं दाखवलं की लायब्नित्सचं काम झालं.

वाटसरू:
तत्त्वज्ञ रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला पत्रात सुनावलं होतं, की सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे निसर्गाने बांधली नव्हती. मला हेच महत्त्वाचं वाटतं. भूकंपानंतर पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे घालायला लावले. गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्न पाठवले: हादरा किती वेळ टिकला, किती घरं पडली? जग आहे तेच सर्वोत्तम मानलं असतं तर ही उठाठेव कोण करतो?

सांजवारा:
लायब्नित्सच्या जगात माणसाचे प्रयत्नही धरलेलेच आहेत. ‘व्हायचं ते होणारच, मग धडपड कशाला’ याला तो आळशी तर्क म्हणतो आणि ‘थिओडिसी’च्या प्रस्तावनेतच खोडून काढतो.

काटेसावर:
म्हणजे पोंबालचे सांगाडे हिशेबात धरलेले, आणि चर्चमध्ये चिरडलेली पोरंही. मला तो हिशेबच मान्य नाही. आणि वाटसरू, घरं माणसांनी बांधली हे खरं, पण लाटेचं काय?