केमेमलीक गप्प आहे म्हणून गळती नाही?

केमेमलीक हे लिनक्स कर्नलमधली मेमरी गळती (घेतलेली मेमरी परत न करणं) शोधणारं साधन. "केमेमलीकने काहीच दाखवलं नाही, म्हणजे गळती कर्नलमध्ये नाही" असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो घाईचा वाटतो. ते साधन मुख्यतः स्लॅब आणि व्हीमॅलॉक या कर्नलच्या मेमरी वाटपाच्या यंत्रणांमधून घेतलेल्या मेमरीवर नजर ठेवतं; अलॉक_पेजेस या फंक्शनने थेट घेतलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) त्याच्या हिशोबातच नसतात. शिवाय एखादा शिळा पॉइंटर (त्या मेमरीचा जुना पत्ता) कुठे पडून राहिला, तरी केमेमलीकला ती मेमरी वापरातच वाटते.

आमच्या एका ड्रायव्हरमध्ये हेच झालं. मेमइन्फोत (कर्नलच्या मेमरीच्या आकड्यांच्या फाइलीत) मोकळी मेमरी रोज घटायची, पण स्लॅबचा आकडा जागचा हलायचा नाही आणि बाकीच्या आकड्यांची बेरीजही जुळायची नाही. (दोन दिवस मी उगाच स्लॅबचा वापर दाखवणाऱ्या स्लॅबटॉपकडे बघत बसलो होतो.) शेवटी पेज ओनरचा (कोणतं पान कुणी घेतलं याची नोंद ठेवणाऱ्या सोयीचा) पर्याय घालून कर्नल बांधला आणि बूटच्या ओळीत तो चालू केला. हे दुसरं विसरू नका, नुसता बांधून भागत नाही. मग डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टिममधली त्याची फाइल तासाभराच्या अंतराने दोनदा उतरवून घेतली आणि कर्नलच्याच सोर्समधल्या पेज_ओनर_सॉर्टने स्टॅकनिहाय (पान ज्या फंक्शनांच्या साखळीतून घेतलं त्यानुसार) मोजली. एकच स्टॅक फुगत होता: डीएमए मॅपिंग (उपकरणाला मेमरी थेट वापरता यावी म्हणून केलेली जोडणी) फसलं की एररच्या वाटेने बाहेर पडताना पान परत करायचंच राहून गेलं होतं.