सत्तरी ओलांडलेल्या आईनं म्हातारी कुत्री घ्यावी का? मतं हवीत

कर्वेनगरची_लेक:
आई ७१, एकटी राहते, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी बाणेरला, भाऊ ह्यूस्टनला. आईच्या ओळखीतल्या एका रेस्क्यूवाल्या मुलीकडे एक छोटी पांढरी कुत्री आलीये, आपण सगळे जिला पॉम म्हणतो ती, खरंतर इंडियन स्पिट्झ. घरचे शिफ्ट झाले आणि हिला पार्किंगमध्येच सोडून गेले. डॉक्टर दातांवरून म्हणाले दहाच्या पुढची असेल. एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडाला वास, बाकी शेपूट चालू. आई म्हणते हिलाच आणायची. भाऊ म्हणतो आणायचंच तर पिल्लू आण, म्हातारं कुत्रं म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या आणि वर्ष-दोन वर्षांत रडारड. मला आईचं पटतंय कारण छोट्या जातीचं पिल्लू चौदा-पंधरा वर्षं सहज जगतं, म्हणजे तोवर आई शहाऐंशीची, तेव्हा त्याला बघणार कोण? हिशोब चुकत असेल तर सांगा.

रोखठोक:
अर्धाच मांडलात ताई. वयाचा मांडला, जिन्याचा राहिला. कुत्री सहा-सात किलोची असणार, दिवसातून तीनचारदा खाली न्यायची, उतरताना एकवेळ उतरेल, चढताना मधल्या पायरीवर बसली की उचलणार कोण? एका हातात कुत्री, दुसऱ्या हातानं कठडा, पावसाळ्यात जिना ओला. आई पडली की तुम्ही बाणेरहून रोज येणार का. पुढचं ऐका. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हार्टची झडप गळायला लागणं अगदी कॉमन आहे, मायट्रल व्हॉल्व्ह. आधी रात्रीचा कोरडा खोकला, घरच्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलंय. मग पिमोबेंडन ही हार्टची गोळी, दिवसातून दोनदा, जन्मभर. पुढे फुफ्फुसात पाणी साठलं की ते काढायची गोळी, आणि ती सुरू झाली की कुत्रं सारखं पाणी पिणार आणि सारखं लघवीला जाणार, रात्री दोनलासुद्धा. आता परत जिना आठवा. मी कुत्र्यांच्या विरोधात नाही, आमच्याकडे दोन होती, म्हणूनच बोलतोय.

तळजाईकर:
रात्री दोनला जिना उतरायला सांगितलंय कुणी? बाल्कनीत ट्रे, त्यात खोटं गवत नाहीतर लघवी शोषणारं पी पॅड, विषय संपला. छोट्या कुत्र्याचा हाच तर फायदा, लॅब्रॅडोर असता तर मीही नको म्हणालो असतो. म्हातारं कुत्रं नवीन शिकत नाही ही अफवा आहे, तिच्या लघवीचा वास असलेला पेपर ट्रेमध्ये ठेवा आणि धीर धरा. खोकल्याचं म्हणाल तर पॉम-स्पिट्झमध्ये दरवेळी हार्टच असतं असं नाही, श्वासनळी चपटी व्हायचा आजारही असतो, गळ्यात पट्टा ओढला की तो खोकला वाढतो. पट्टा काढून हार्नेस घाला, एक्स-रे आणि इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करा म्हणजे कळेल काय ते.

आणि दातांवरून वय म्हणजे नुसता अंदाज हं. छोट्या कुत्र्यांचे दात सहा-सात वर्षांतच खराब झालेले असतात, ही आठचीही निघेल. पण तोंडाचा वास हलक्यात घेऊ नका. आमच्या म्हातारीचे दात भूल देऊन काढले तेव्हा डॉक्टरनी स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवले, काळेपिवळे, मुळाशी पू. त्याआधी ती वाडग्याजवळ जायची, हुंगायची, एक घास उचलून खाली टाकायची आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायची. दात गेल्यावर हिरड्यांनीच भात-चिकन असं चाटायची की वाडगं फरशीवरून सरकत सरकत फ्रीजपर्यंत जायचं आणि ही मागे मागे. जीभ तेवढी कायम एका बाजूनं बाहेर लोंबायची.

शनिवारातला_एक:
म्हणजे इको, एक्स-रे, भूल, दात. एका कुत्रीवर. तेवढ्या पैशात गल्लीतल्या किती कुत्र्यांची नसबंदी होईल याचा विचार करा. केसाळ गोरंगोमटं असलं की सगळ्यांना पाझर फुटतो, आमच्या बोळातली काळी कुत्री बारा महिने दुकानाच्या पायरीखाली पडून असते, तिच्यासाठी कुणी मतं मागवत नाही.

कर्वेनगरची_लेक:
काळ्या कुत्रीचं खरंय, मान्य. पण आई ते पैसे नसबंदीला देणार होती आणि आता इकडे वळवले असं नाहीये ना. मागच्या दिवाळीत भावानं तिच्यासाठी मसाजची खुर्ची घेतली, तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. तेव्हा नाही कुणी नसबंदीचा हिशोब काढला.

वकिलीणबाई:
सोडून गेले त्यांच्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११. पहिल्यांदा केला तर दंड किती, दहा ते पन्नास रुपये. त्या काळात ती रक्कम असेल, आज पार्किंगची पावती महाग पडते. असो. कर्वेनगरमध्ये सोसायटीवाले चालणार नाही म्हणाले तर घाबरू नका, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही. तुम्ही मात्र रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना दोन्ही वेळच्या वेळी करा, म्हणजे सेक्रेटरीला बोलायला जागा राहत नाही.

फॉस्टरवाली:
मी रेस्क्यूचं काम करते, वेगळ्या ग्रुपमध्ये. सगळ्यात आधी हिची नसबंदी झालीये का बघा. अशा सोडलेल्या स्पिट्झ माद्या आमच्याकडे येतात त्यात पिल्लांसाठी वापरलेल्याही असतात, त्यांचे सड लोंबलेले असतात, हात फिरवून गाठी आहेत का तपासावं लागतं. नसबंदी न झालेल्या वयस्कर मादीला पायोमेट्रा होऊ शकतो, गर्भाशयात पू. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सारखं पाणी पिणं, खाणं सोडणं, मलूल होणं हे दिसलं की त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही. मागून स्राव दिसेलच असंही नाही, न दिसणारा जास्त घातक.

वयाबद्दल सांगायचं तर सत्तरीच्या पुढच्यांना आम्ही पिल्लू देतच नाही, घरातलं तरुण कुणी जबाबदारीची सही करत असेल तरच. म्हातारं कुत्रं देतो, आणि शक्यतो फॉस्टर म्हणून. कुत्री कागदावर आमचीच, मोठा वैद्यकीय खर्च आमचा, आजींना काही झालं तर परत घेणार. त्या मुलीला विचारा असं करते का.

रोखठोक:
हे पहिल्यांदा कामाचं कुणी बोललं. पण लेखी घ्या, तोंडी नको. रेस्क्यूवाले आज असतात, उद्या त्यांच्याकडे चाळीस कुत्री झाली की फोन उचलत नाहीत.

फॉस्टरवाली:
काका, फोन उचलत नाही कारण हातात सलाईन लावलेलं कुत्रं असतं. पण लेखी घ्यावं हे बरोबर.

शनिवारातला_एक:
आणि गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलांची प्रॅक्टिस सुरू झाली की? कर्वेनगरला सगळं ऐकू येतं. दिवाळीचे फटाके वेगळेच.

तळजाईकर:
या वयाची आहे, ऐकू कमी येत असेल तर तुमच्या-आमच्यापेक्षा सुखी. मस्करी सोडा, दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत पंखा मोठा करून ठेवायचं. फारच घाबरत असेल तर डॉक्टरला आधीच विचारून औषध घ्यायचं. आणि हो, आईंना सांगून ठेवा, आपल्या गोळ्या कुत्रीला अजिबात द्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल नाही, ब्रुफेन तर नाहीच. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही नाहीत, किडनी जाते.

ह्यूस्टनवाला_भाऊ:
मीच तो भाऊ. ताईनं लिंक पाठवली. सगळं वाचलं, जिना, हार्ट, दात सगळं. एक गोष्ट तिनं तुम्हाला सांगितली नाहीये. आई दरवर्षी मेमध्ये आमच्याकडे येते, चांगली तीन-चार महिने राहते. तेव्हा कुत्री कुठे राहणार? आंधळी-बहिरी, हार्टचं औषध चालू असलेली कुत्री बोर्डिंगमध्ये ठेवायची? ताईच्या नवऱ्याला केसांची ॲलर्जी आहे.

रोखठोक:
घ्या. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

फॉस्टरवाली:
एवढ्या वयाच्या कुत्रीला मी तरी बोर्डिंगमध्ये ठेवणार नाही. जागा बदलली की खाणं सोडतात, त्यात डोळा अधू, रात्रभर भिंतीला धडकत फिरते. फॉस्टर असेल तर तेवढे महिने आमच्यासारखं कुणी नेऊ शकतं, पण दरवर्षी ने-आण करणं तिच्यासाठी बरं नाही, हे मी स्पष्ट सांगते.

कर्वेनगरची_लेक:
मेचं लिहायचं टाळलं कारण त्याच्यावरूनच घरात वाजलंय. आत्ताच आईला फोन केला. ती म्हणाली, मे महिन्यात तिकडे येऊन मी दिवसभर बंद घरात करते काय ते आधी त्याला विचार, तुम्ही दोघं ऑफिसला, पोरं शाळेत आणि मी टीव्हीवर इकडच्याच बातम्या बघते. यंदा तोच इकडे येऊ दे म्हणाली. मग विषय बदलून विचारलं की कुत्रीला दही चालतं का.

तळजाईकर:
साधं, बिनसाखरेचं, चमचाभर चालतं. आधी थोडं देऊन पोट बघा.

रोखठोक:
चला, तुमच्या आईचा निर्णय झालेला दिसतोय, आपण उगाच भांडतोय. माझं मत तेच, दुसरा मजला आणि हे वय, मी नसती आणली. आणताच आहात तर निदान दोन गोष्टी करा. जिन्याला भिंतीच्या बाजूनंही कठडा बसवा, आणि आईंना झोपलेल्या कुत्रीचे श्वास मोजायला शिकवा, छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक, सारखे वर जायला लागले तर डॉक्टरला फोन. रात्री गाडी काढून कोण नेणार त्याचं नाव-नंबर फ्रीजवर लावा.

कर्वेनगरची_लेक:
शेजारच्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा मुलगा नेईन म्हणालाय. आधी रक्त आणि इको, रिपोर्ट बघून मग फॉस्टरचे कागद.

ह्यूस्टनवाला_भाऊ:
तो मुलगा परीक्षा संपली की गावाला जातो. दुसरं नाव पण लिही. इकोचं बिल मला पाठव. आणि मी अजूनही नको म्हणतोय, हे आईला सांग.