कंपन्यांचा पैसा न घेता निवडून येता येतं का?

रानवारा: 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बाँड (पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे रोखे) रद्द केले तेव्हा वाटलं चला आता जरा फरक पडेल. पण मागच्या इलेक्शनला आदल्या रात्री आमच्या दाराखालून पाकीट आलंच, पाचशेच्या दोन नोटा, आई म्हणाली देवळाच्या पेटीत टाकून ये. विकला न जाणारा उमेदवार असतो तरी का?

चहाबाज: आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्केच देणगी देता यायची. 2017 ला ती मर्यादाच काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीपण पक्षाला पैसे देणार, आता बोला! कोर्टाने ते पण रद्द केलं. पण उमेदवाराला विधानसभेला 40 लाखांची मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला काहीच नाही, दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

माणदेशी_गडी: असतो की. आमचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सांगोल्यातून 11 वेळा आमदार होते, तेही शेकापसारख्या (शेतकरी कामगार पक्ष) पक्षातून, आणि फिरायला एसटी. 72 ला आणि 95 ला पडले पण पक्ष नाही बदलला.

चहाबाज: मान्य, पण आबा 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. आज नवीन पोराने उभं राहायचं म्हटलं तर बूथवरच्या पोरांच्या जेवणाचा खर्च कुठून काढणार?

माणदेशी_गडी: भाकरी घरून आणायची. हसू नका, आमच्याकडे आणायचे लोक.

रानवारा: आई विचारतेय सांगोल्यात घर भाड्याने मिळेल का 😄